शिडीच्या बांबूला फुलं आली

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर तू ठळक अक्षरांत लिहिलं होतंस म्हणे, ‘फक्त आजीनेच वाचावे.’ अगं भवाने, आजी वाचायला शिकली कधी? तू छत्री विसरतेस, गॅसवर दूध ठेवून विसरतेस, स्वतःचा वाढदिवस विसरतेस, इथवर मी समजू शकते. पण जिच्या मांडीवर वाढलीस तिला अक्षर ओळखता येत नाही हे विसरणारी नात मी तरी दुसरी पाहिली नाही. मग काय करणार? तुझं ते फक्त-आजीसाठीचं पत्र पदराखाली धरलं आणि कोपऱ्यावरच्या टेलरबाईकडे गेले. तिने ते खणखणीत आवाजात वाचलं. दुकानात पडदे शिवायला टाकायला आलेल्या दोघी होत्या, त्यांनीही मन लावून ऐकलं. तेव्हा तुझं गुपित आता तू, मी, टेलरबाई आणि पडदेवाल्या दोघी एवढ्यांतच आहे. काळजी करू नकोस.

हे पत्रही मी तिच्याच दुकानात बसून सांगते आहे. घरी सांगण्यासारखं नाही. तुझ्या आईला सांगितलं असतं तर तिने माझ्या प्रत्येक वाक्याला साखर लावून लिहिलं असतं, आणि तुझ्या बापाने शेवटी ‘बाकी सर्व ठीक’ असं जोडून पाकीट बंद केलं असतं. टेलरबाई तशी नाही. ती सांगितलेलं लिहिते, आणि न सांगितलेलंही लिहिते, म्हणून अधूनमधून तिला वाचून दाखवायला लावते. आत्ता ती म्हणते आहे की मी हे लिहिणार नाही. लिही गं बाई.

तू विचारलंस ते मला कळलं. आई-बाबा दोघंही ये म्हणतात. जावईबापूंना कारखान्याच्या पाळ्यांचा वीट आलाय, ते आपल्या बांबूच्या शिड्यांच्या कामात हात घालायला तयार आहेत. लेक रांगायला लागलीय, तिला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपेक्षा अंगण बरं. सामान बांधायच्या आधी एकदा आजीने खरं काय ते सांगावं, येऊ का कायमची? असं तुझं विचारणं. वर्षानुवर्षं मीच तुझ्यामागे लागले होते, ये गं, ये गं म्हणून. आता तू विचारलंस आणि माझ्या तोंडून लगेच हो निघेना, म्हणून तुला नवल वाटेल. उत्तर देणार आहे. पण तुझ्या आजीने आजवर कुठल्या प्रश्नाचं उत्तर एका दमात दिलंय? जरा ऐकून घे.

डोंगराला फुलं आली आहेत हे तुला आईने कळवलंच असेल. तिने काय लिहिलं तेही मी सांगू शकते. बांबू फुलला, सगळे बघायला येतात, चांगलं लक्षण आहे, तू येण्याच्या वर्षीच फुलला. त्यातलं बांबू फुलला एवढंच खरं. फुलं म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे जास्वंद आली असेल, नाहीतर आपल्या मागच्या कुंपणावरचा तो गुलाबी वेल. तसं काही नाही. आधी पानं पिवळी पडून गळतात. मग उघड्या काड्यांना भाताच्या लोंब्यांसारखे झुपके फुटतात, खालपासून शेंड्यापर्यंत, मातकट रंगाचे, आणि त्यातून बारीक पिवळे तुरे लोंबतात. वास नाही. जवळ जाऊन हलवलं तर धूळ उडते, तेच त्याचं सुख. भाताचं एक आडवं शेत कुणीतरी उचलून डोंगराला उभं टेकवावं, तसं दिसतं. आणि आवाज गेला आहे गं. बांबूचा डोंगर किती बोलतो तुला माहीत आहे, लहानपणी तू म्हणायचीस, आजी, डोंगर कुजबुजतोय. आता पानंच नाहीत तर कुजबुजणार काय? वारा येतो आणि तसाच पलीकडे जातो.

आपल्या घरात, तुझ्या बापासकट, हे फूल कुणी पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलं आहे. हा बांबू माणसाच्या अख्ख्या आयुष्यात एकदा फुलतो, आणि फुलला की मरतो. एक बेट नाही, सगळी बेटं. तुझ्या पणजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मागच्या वेळच्या मरणानंतर उगवलेल्या रोपांतलं एक रोप निवडलं होतं. सरळ वाढणारं, जाड सालीचं, पेरं जवळजवळ असलेलं. शिडीला असा बांबू मिळत नाही म्हणत त्यांनी त्याचेच कंद फोडून फोडून डोंगरभर लावले. लोक यायचे आणि म्हणायचे, वा, काय एकसारखी लागवड आहे! एकसारखी म्हणजे खरोखरच एकसारखी. एकाच आईची लेकरं, एकाच वयाची. त्यांना एकमेकांना निरोप पाठवायला लागत नाही. तुझ्या गॅलरीतल्या डब्यातलं बेटही त्यातलंच, मागच्या खेपेला तू हट्टाने कंद नेला होतास तो. तूच लिहिलंयस की त्याची पानं झडली, काड्यांना काहीतरी मातकट, वाळल्यासारखं धरलंय, जावईबापू त्यावर कीड म्हणून औषध मारतात. टेलरबाईने हे वाचलं तेव्हा मी तिला परत वाचायला लावलं. ती कीड नाही, बाळा. एवढ्या लांब, सिमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर, तेलाच्या डब्यात राहूनही त्याला कळलं. जावईबापूंना सांग, औषध आवरा.

पहिलं बेट फुललं तेव्हा तुझ्या बापाने काय केलं सांगू? शिडीवाल्याचा जीव, त्याला बांबूचा एकच इलाज माहीत, कोयता. त्याला वाटलं, हा रोग आहे, एका बेटाचा दुसऱ्याला लागेल. तो, तुझा भाऊ आणि गडी मिळून त्यांनी फुललेली बेटं जमिनीबरोबर कापली, जाळली, राख लांब नेऊन टाकली. मी अंगणातून ओरडत होते, अरे थांब, हे पसरत नाही रे, हे वयात आलंय. तो म्हणाला, आई, तू आत बस. मी आत बसले. पुढल्या पंधरवड्यात त्या कापलेल्या बुडख्यांना फुटवे आले. कोंब नव्हेत. फुलं. घोट्याएवढ्या बुडख्याला, ना काडी ना पान, नुसता फुलांचा झुपका. तुझ्या बापाने ते बघून येऊन कोयता खुंटीला अडकवला. मला त्याची कीव आली. पण दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, बियाणं तर मिळेल, नवी लागवड करू, आणि परत शिड्या ठोकायला बसला, त्याच फुललेल्या बांबूच्या. फुललेल्या बांबूत जीव राहत नाही. परवा एका रंगाऱ्याच्या पायाखाली नवीकोरी पायरी काडकन मोडली. तो खिडकीच्या छज्ज्याला लोंबकळला म्हणून वाचला. तुझा बाप म्हणतो, रंगारी फार जाड झालाय. रंगारी इतका बारीक आहे की शिडीच्या दोन पायऱ्यांमधून आरपार जाईल. पण मी आत बसलेली असते.

तुला मी माझ्या लहानपणाच्या गोष्टी सांगायचे तेव्हा एक गोष्ट मी सगळी कधी सांगितली नाही. अर्धी सांगायचे. डोंगराला फुलं आली, पाखरं आली, आम्ही फ्रॉकच्या ओच्यात बी गोळा केलं, आईने त्याच्या भाकरी केल्या, संपली गोष्ट. तू म्हणायचीस, मग पुढे? मी म्हणायचे, पुढे झोप.

मी तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाची होते. आमचं घर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. पाटी नुकतीच मिळाली होती, त्यावर मास्तर उभ्या रेघा काढायला लावायचे. उभ्या रेघांच्या पुढे मी कधी गेलेच नाही. बांबूचं बी पडायला लागलं आणि सगळं गाव डोंगरावर. गव्हासारखं बी, सोलून भाजलं की गोडसर लागतं. लोक म्हणायचे, याने बाळंतिणीला दूध येतं, वांझेला मूल होतं, म्हाताऱ्याला दात येतात. काय काय म्हणायचे! हसायचे, खायचे, पोती भरायचे. आज आपल्या गल्लीत तेच चाललंय. तुझी आई बियाच्या पिठात केळं घालून काहीतरी करते, मी दात नाहीत म्हणून सुटते. तेव्हाही असंच होतं. फक्त एक म्हातारी, आमच्या आईची आत्या, ती बी तोंडात घालत नव्हती. ती म्हणायची, हे आपलं जेवण नाही, आपण दुसऱ्याच्या पंगतीत बसलोय.

ती पंगत उंदरांची. डोंगरभर बी पडलेलं, खाऊन संपत नाही इतकं. उंदरीण पोटभर खाते आणि विते, परत खाते आणि विते, तिच्या पिल्लांनाही पिल्लं होतात. डोंगरावर बी आहे तोवर ते खाली येत नाहीत, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. मग पाऊस पडतो. उरलेलं बी एका दमात उगवतं. हिरवी पाती, दाणा एकही नाही. लोक म्हणतात, किती छान. उंदीर काय म्हणत असतील ते तूच बघ.

तेव्हा ते संध्याकाळच्या उजेडात खाली उतरले. मी दारात बसले होते. मला आधी वाटलं, उतारावरचं गवत हलतंय. पण त्या उतारावर गवत नव्हतं. उभं पीक गेलं, कणग्यांना भोकं पडली, छपराच्या दोऱ्या कुरतडल्या, चपलांचे अंगठे गेले. मास्तर आपली ट्रंक घेऊन निघून गेले आणि शाळेत आमच्या बसायच्या पोत्यांऐवजी सापळे ठेवले. आम्हा पोरांना काठ्या दिल्या. माझी शाळा ती. टेलरबाई विचारते आहे, मग नंतर का नाही शिकलीस? नंतर जगायचं होतं गं.

आणि आम्ही जगलो ते कशाने सांगू? डोंगराने जगवलं. त्याच डोंगराने. तेव्हा तिथे बांबू होता, पण बांबू म्हणजे पाहुण्यांतला एक पाहुणा. बाकी किती मंडळी! उंबर होता, त्याचं फूल कुणाला दिसत नाही, फळाच्याच पोटात असतं आणि त्याची ती चिमुकली माशी बरोब्बर आत शिरते. रानकेळी होत्या, त्यांच्या फुलात वटवाघळं डोकं खुपसायची, आम्ही ते केळफूल शिजवून खाल्लं आणि नंतर खोडाचा गाभाही. झाडाच्या खांद्यावर बसून फुलणारी ती नखरेल आमरी होती, तिला आम्ही फुकटी म्हणायचो, खरं तर ती झाडाचं काही घेत नाही, नुसती बसते. दोरखंडाची साल देणारं झाड होतं, कापड रंगवायच्या फुलांचं होतं, मासे गुंगवायच्या सालीचं होतं. पांढऱ्या घंटेसारखं फूल येणारा धोत्रा होता, त्याला हात लावला की आई पाठीत धपाटा घालायची. आणि कडू कंदांचे वेल. तो कंद चिरून, राखेत चोळून, वाहत्या पाण्यात ठेवायचा, तेव्हा कुठे विष उतरतं. असला कंद खाऊन माणसं काढतात दिवस! पण होता. बारा महिने त्या डोंगरावर काहीतरी फुललेलं असायचं, एक आटपलं की दुसरं, त्यामुळे मधमाशी उपाशी राहायची नाही, मधमाशी राहायची म्हणून फळ धरायचं, फळ धरायचं म्हणून आम्ही.

ते सगळं तुझ्या पणजोबांनी साफ केलं. वाईट माणूस नव्हता. मला सून म्हणून आणली तेव्हा हौसेने डोंगर दाखवायला घेऊन गेले होते, बघ पोरी, म्हणाले, एक काडी वाकडी नाही. मलाही छान वाटलं. नवी सून, काय बोलणार? त्या डोंगराने आपल्याला पोसलं, तुझ्या बापाला मोठं केलं, तुझं शिक्षण केलं. गावोगावच्या भिंती आपल्या शिड्यांवर चढून रंगल्या. पण आता तो मेल्यावर त्याच्या मागे उभं राहायला कुणी नाही. उंबर नाही, केळ नाही, कंद नाही. यंदा उंदीर खाली उतरले तर आपण वर कुठे जाणार आहोत, हा प्रश्न मी घरात विचारला. तुझा भाऊ म्हणाला, आजी, आता दुकानं आहेत, ट्रक आहेत, तुझा जमाना गेला. बरोबर आहे त्याचं. फक्त त्या दुकानांच्या मागच्या बाजूला मी जाऊन आले. किराणावाल्याने पोती आता लाकडी फळीवर ठेवलीत, फळी विटांवर, आणि विटांभोवती पांढरी पावडर. मी विचारलं, काय रे हे? तो म्हणाला, मुंग्या. आमच्या गल्लीतल्या मुंग्यांना बहुतेक शेपट्या असतात.

पाऊस पडून आठवडा झाला. बी उगवलं. डोंगर खालून हिरवा आहे, वरून वाळलेला. काल टेलरबाईने सांगितलं, तिच्या चिंध्यांचं पोतं कुणीतरी ओढून नेल्यासारखं भिंतीपर्यंत गेलंय. आपलं मांजर आधी माजलं, दारात पसरून असायचं, समोरून काही गेलं तरी डोळा उघडायचं नाही. मग एके सकाळी त्याचा कान फाटलेला होता. मग ते माडीवर राहायला लागलं. आता दिसतच नाही. आणि तुझ्यासाठी बांधलेली खोली. त्या खोलीबद्दल तुला तुझ्या बापाने किती लिहिलंय मला माहीत नाही. तो काही चांगलं करतो तेव्हा सांगत नाही. बांबूच्या नव्या तट्ट्यांच्या भिंती, आतून मातीचा हात, खिडकी अशी ठेवलीय की तुझ्या लेकीला बसल्या बसल्या अंगण दिसावं. खिडकीची उंची ठरवायला तो स्वतः जमिनीवर रांगला. हे मी डोळ्यांनी पाहिलं, पन्नाशी उलटलेला माणूस गुडघ्यांवर, बाजूला बायको हसतेय. त्या तट्ट्याला खालून एक भोक पडलंय. त्याने माती लावून बुजवलं. दुसऱ्या दिवशी बाजूला दुसरं. तेही बुजवलं. त्याच्या हाताला लागलेली माती बघून मला कळलं.

टेलरबाई पेन टेकवून बसली आहे. पुढचं मलाच सांगायला जड जातंय, तिला तर लिहायचंय. पण सांगते.

तुझा भाचा आता तीन महिन्यांचा झाला. गोंडस आहे, नाक दुर्दैवाने माझं घेतलंय. परवा सकाळी तुझी वहिनी त्याला अंघोळ घालत होती, तर पायाच्या अंगठ्याला दोन बारीक टोचे, जवळजवळ, आणि कडेने सुकलेलं रक्त. तिने हाक मारली, सगळे जमले. आणि सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द आला, कुसळ. आपल्या घरात कुणाच्या अंगावर काही उमटलं की ते कुसळच असतं. जन्मल्यापासून आपल्या हाताला बांबूचं कुसळ आहे, आपल्याला दुसरं काही सुचतच नाही. तुझ्या आईने सुई तापवली, तुझ्या बापाने चष्मा लावून पाय धरला, शोधशोध शोधलं. पोर किंचाळत होतं. कुसळ काही मिळालं नाही. तर तुझा बाप पाळणा अंगणात घेऊन बसला आणि सबंध सकाळ त्याची काडी न् काडी काचकागदाने घासत राहिला. मान वर करीना. स्वतःच्या हाताने केलेल्या पाळण्याने नातवाला टोचलं म्हणून त्याला लाज वाटत होती. वहिनीची समजूत घालत होता, आता बघ, लोण्यासारखा केलाय. मी तो अंगठा पाहिला. माझ्या धाकट्या भावाच्या अंगठ्याला मी असेच दोन टोचे पाहिले होते, मागच्या फुलांच्या वर्षी, पाऊस पडून गेल्यावर. आमच्या आईनेही सुईच तापवली होती. मग त्याला ताप आला, आणि तो तापातून उठला नाही. मी तुला जी गोष्ट झोप म्हणून संपवायचे, तिच्या पुढे हे होतं. मी घरात सांगितलं, हे कुसळ नाही. तुझी आई म्हणाली, सासूबाई, तुमचं आपलं काहीतरी, लेकुरवाळीसमोर असं बोलू नये. तुझा बाप कागद घासत राहिला. पोराला अजून ताप नाही. वहिनीला मी कानात सांगून डॉक्टरकडे पाठवलं, कुसळ राहिलंय का बघून ये असं म्हणून, म्हणजे घरात वाद नको. डॉक्टर शहाणा निघाला, त्याने टोचे बघून इंजेक्शन दिलं आणि विचारलं, घरात उंदीर आहेत का? ती पोरगी घरी येऊन माझ्या खोलीत बसली. डॉक्टरचं मला एकटीला सांगितलं, आणि तेव्हापासून बाळाला खाली ठेवत नाही. हातातच घेऊन बसते.

तेव्हा भिंगरे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर, येऊ नकोस. माझ्या तोंडून हे निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. यंदा नाही, पुढल्या वर्षीही नाही, डोंगराचं काय होतं ते बघून मग. आणि बापाला खरं कारण लिहू नकोस, तो दुखावेल आणि हट्टाला पेटेल. तू असं लिही की जावईबापूंना बढती मिळाली, निघता येत नाही, तुला कामावर रुजू व्हायचंय आणि लेकीला सांभाळायला कुणी नाही, तर वहिनीला बाळासकट चार-सहा महिने पाठवा, फार उपकार होतील. रडून लिही. तुला रडून लिहिता येतं, लहानपणी चप्पल हरवलीस की किती छान रडायचीस. तू अडचणीत आहेस म्हटल्यावर तो तिला स्वतः गाडीत बसवून देईल, आणि त्याची मान खाली जाणार नाही. वहिनीशी माझं बोलणं झालंय, तिची पिशवी भरलेली आहे. हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, टेलरबाई उद्या तिच्या लेकाकडे निघाली आहे, ती वाट वाकडी करून तुझ्या दारात येईल, तिला चहा दे आणि त्याच पावली बापाला लिही. त्यातही पाकिटावर फक्त बाबांनी वाचावे असं लिहू नकोस, नाहीतर आई आधी फोडेल. मला मात्र बोलावू नकोस. मी हलायची नाही. इथे कुणीतरी नको का, तुझ्या बापाला रोज ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं म्हणायला? त्याला तेवढाच आधार. आमच्यासाठी मात्र खायला पाठव. तांदूळ, डाळ, मीठ, शेंगदाणे. पोत्यात नको, कापडी पिशवीत नको, त्या रंगीत प्लास्टिकच्या बरण्यांत तर मुळीच नको. आटे असलेल्या झाकणाचे पत्र्याचे डबे घे, तेच भरून पाठव. भाजलेलं काही नको, त्याचा वास लांब जातो. गूळ नको. आणि झाकण असं आवळून लाव, की उघडताना तुझ्या बापाने तुला दोन शिव्या घातल्याच पाहिजेत.

तुझीच, अजून खमकी,
आजी